फ्यूजर तापतोय? आधी घड्याळ बघ, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घे

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दात परत सांगतो, काही चुकीचं समजलो असेन तर तिथेच कळेल. डिचोलीत नवीन झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली म्हणून मंडळांच्या पावत्यांचं काम आलंय, ए-फाइव्ह साइज, पुढच्या बायपास ट्रेमधून एकामागून एक. तीस-चाळीस पावत्या झाल्या की जळकट वास येतो, कागद पापडासारखा वळतो, कडेला काळे डाग पडतात आणि मग फ्यूजर, म्हणजे छापलेलं उष्णतेने कागदावर पक्कं करणारा भाग, जास्त गरम झाल्याचा एरर येऊन मशीन बसतं. टेक्निशियनने फ्यूजर बदलून कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा चालणारा, घातला, दोन दिवस बरं चाललं, परत तेच. आणि आता दुसरा कोणीतरी म्हणतोय की आतला थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की हीटरची लाइन तोडणारा फ्यूज, डायरेक्ट करून टाकूया, त्याला वगळून वायर सरळ जोडूया, कटकटच नको. तर काका, काय करू, आणि एररच्या आकड्यांचा अर्थ काय?

काका म्हणालास म्हणून तू म्हणतो, राग नको. मी म्हापशात बसतो, पंचवीसेक वर्षं हेच करतोय.

आधी तो डायरेक्टचा विषय संपवू. नाही म्हणजे नाही. आणि हे नुसतं घाबरवायला सांगत नाहीये, त्यात साधं लॉजिकसुद्धा नाहीये बघ. थर्मल फ्यूज उडाला असता तर हीटरला करंटच गेला नसता, फ्यूजर थंडगार राहिला असता आणि प्रिंटरने 'गरम होत नाही' असा उलटा एरर दिला असता. तुझा तर जास्त तापतोय, म्हणजे फ्यूज शाबूत आहे, मग तो डायरेक्ट करून मिळणार काय? काहीच नाही, फक्त शेवटचा पहारेकरी घरी पाठवल्यासारखं होईल. वरची सगळी इलेक्ट्रॉनिक्स बोंबलली, प्रोसेसर हँग झाला, तरी हीटरची लाइन तोडणारी ती एकच मुकी वस्तू आहे आतमध्ये, तिला सॉफ्टवेअर लागत नाही काही लागत नाही. कागद साधारण सव्वादोनशे ते अडीचशे अंशांच्या आसपास पेट घेण्याच्या वाटेला लागतो आणि तुझ्या दुकानात छतापर्यंत कागदाचे गठ्ठे. ज्याने हा सल्ला दिला त्याला मशीनला हात लावू देऊ नकोस एवढंच.

आता फ्यूजर काय करतो ते दोन मिनिटांत, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. टोनर म्हणजे शाई नाही, ती प्लॅस्टिकची बारीक पावडर आहे, त्यात रंग आणि थोडं मेण. ड्रम नावाच्या फिरत्या नळीवरून येऊन ती कागदावर नुसती बसलेली असते, फुंकर मारली तर उडेल अशी. फ्यूजर तिला वितळवून कागदाच्या धाग्यात दाबतो. साध्या कागदाला पृष्ठभागाचं तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस लागतं, मॉडेलप्रमाणे थोडं खालीवर. मोठ्या आणि जुन्या मशीनमध्ये धातूचा पोकळ रोलर असतो, वर टेफ्लॉनचा थर आणि आत हॅलोजनचा दिवा. तुझ्यासारख्या छोट्या मशीनमध्ये बहुतेक रोलर नसतोच, एक पातळ फिल्म असते, जिला आपण सगळे सरसकट टेफ्लॉन म्हणतो, तिच्या आत सिरॅमिकची हीटर पट्टी आणि खालून रबराचा प्रेशर रोलर. फिल्मवाला प्रकार काही सेकंदात तापतो म्हणून घरगुती आणि ऑफिसच्या छोट्या प्रिंटरमध्ये तो आला, पण पातळ असल्यामुळे उष्णता आडवी पसरवायची त्याची ताकद फार कमी, हे वाक्य लक्षात ठेव, तुझी भानगड इथेच आहे असं मला वाटतंय.

हीटरला चालूबंद करतो पॉवर कार्डवरचा ट्रायॅक, आणि त्याला कधी चालू कधी बंद हे सांगायला तापमानाची खबर देतो थर्मिस्टर. थर्मिस्टर हा उलट्या खोपडीचा, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. आणि उष्णता बाहेर घेऊन जाणारी मुख्य वस्तू कोणती? पंखा नव्हे, कागद! थंड कागद येतो, उष्णता पिऊन गरम होऊन बाहेर पडतो. ७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा, एक ए-फोर म्हणजे साधारण पावणेपाच ग्रॅम, मिनिटाला वीस कागद गेले तर जवळजवळ शंभर ग्रॅम थंड माल फ्यूजरमधून गेला. तो माल कमी झाला किंवा अर्ध्याच रुंदीतून गेला तर उरलेली उष्णता जाणार कुठे.

म्हणून फ्यूजर तापतो म्हणून कोणी आलं की मी मशीन उघडायच्या आधी एकच विचारतो, कधी तापतो? सकाळी स्विच चालू केल्या केल्या, मशीन थंडगार असताना एरर येतो का? मग ते तापणं खोटं आहे, थर्मिस्टर किंवा त्याची वायर किंवा कनेक्टर चुकीची खबर देतोय, फ्यूजर बिचारा थंड आहे. चालू करून दहा-वीस सेकंदात, एकही कागद न जाता एरर आला तर ट्रायॅक शॉर्ट आहे किंवा थर्मिस्टर फिल्मपासून उचलला गेलाय, म्हणजे खरंच भसाभस तापतंय आणि ते धोक्याचं. आणि पहिले पंचवीस-तीस कागद मस्त जातात आणि मग हळूहळू बिघडतं, तर मग खबर देणारा आणि स्विच मारणारा दोघेही बहुतेक ठीक आहेत, उष्णता बाहेर जात नाहीये. तुझा हा तिसरा प्रकार. तुझ्या टेक्निशियनने हा प्रश्न विचारला असता तर फ्यूजरचे पैसे वाचले असते, पण आपल्याकडे एररमध्ये ज्याचं नाव येईल त्याची मान आधी मोडायची अशी पद्धत आहे.

आता खरं सांग. ड्रायव्हरमध्ये पेपर साइज ए-फोरच ठेवून ए-फाइव्ह घालतोस ना? सगळेच करतात, कारण ए-फाइव्ह सिलेक्ट केलं की प्रिंटर मुद्दाम हळू चालतो, दोन कागदांमध्ये थांबतो, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना तो थांबा जीवावर येतो. पण तो थांबा कंपनीने उगाच ठेवलेला नाही. ए-फोरची रुंदी २१० मिलिमीटर, ए-फाइव्ह उभा घातला तर १४८. तुझ्या ट्रेच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी सरकत असतील तर कागद मधोमध जातो, म्हणजे दोन्हीकडे तीन-तीन सेंटिमीटर फिल्म अशी की जिथे कागद जातच नाही. हीटर मात्र पूर्ण लांबीचा तापतो. मधला भाग कागद थंड करतो, थर्मिस्टर मधे बसलेला, तो म्हणतो अजून उष्णता पाहिजे, ट्रायॅक देतो, आणि कडेचे तीन सेंटिमीटर फुकटात तापत जातात. काही फ्यूजरमध्ये टोकाला दुसरा थर्मिस्टर असतो तो हे पकडतो आणि मशीनला हळू करतो किंवा एरर टाकतो, तुझ्याकडे जो एरर येतोय तो बहुतेक त्याचाच. मशीनला तू ए-फोर सांगितलंस त्यामुळे त्याला आधीपासून सावध राहायची संधीच मिळाली नाही, एकदम शेवटच्या क्षणी ओरडतं.

आणि नवीन फ्यूजर घातल्यावर दोन दिवस बरं चाललं म्हणतोस, ते दोन दिवस काय छापलंस आठव. माझी पैज, एक-चौदाचे जमिनीचे उतारे आणि फॉर्म, सगळं ए-फोर. तिसऱ्या दिवशी पावत्या परत सुरू केल्यास.

माझ्या म्हणण्यावर विश्वास नको ठेवू, टेस्ट करून बघ, पैसे लागत नाहीत. वर्डमध्ये मार्जिन अगदी कमी करून कडेपासून कडेपर्यंत मजकूर भरलेलं एक ए-फोर पान तयार ठेव. मशीन थंड असताना ते एकदा छाप, बाजूला ठेव. मग पंचवीस पावत्या छाप, एरर यायच्या आधी थांब, आणि लगेच, म्हणजे खरंच लगेच, ते ए-फोर पान पुन्हा छाप. दोन्ही पानं उजेडात तिरकी धरून बघ. दुसऱ्या पानावर मधला मजकूर नेहमीसारखा आणि दोन्ही कडांचे तीन सेंटिमीटर चकचकीत किंवा फासलेले किंवा खाली परत सावलीसारखे उमटलेले दिसले तर विषय संपला, कडा तापतायत. सगळं पान सारखंच चकचकीत असेल तर माझा अंदाज चुकला, पुढचं वाच.

ती सावली कशी येते तेही सांगतो, कारण ती बघून बरेच जण ड्रम बदलत बसतात. टोनर प्रमाणाबाहेर गरम झाला की इतका पातळ होतो की तो कागदावर पूर्ण न बसता अर्धा फिल्मला चिकटून वर जातो आणि एक फेरा मारून त्याच कागदावर खाली उतरतो. किती अंतरावर उमटतं ते पट्टीने मोज. २४ मिमी व्यासाचा ड्रम असला तर त्याचा घेर साधारण ७५ मिमी, म्हणजे दर ७५ वर येत असेल तर ड्रमवर संशय, फिल्मच्या घेराइतक्या अंतरावर येत असेल तर फ्यूजर. फिल्मचा व्यास मोजून ३.१४ ने गुण, झालं. मात्र एक गोम आहे, कमी तापमानातही टोनर फिल्मला चिकटतो. फरक बोटाने कळतो, छापलेलं बोटाने जोरात घास, काळं पुसलं गेलं तर फ्यूजर थंड, पुसलं जात नाही आणि तरी सावली आहे तर गरम.

आता इलाज. पावत्या ए-फोरवर दोन-दोन लावून छाप आणि कटरने मधोमध काप, कागदही तोच, पैसेही तेवढेच, आणि फ्यूजरला पूर्ण रुंदीचं काम. मला विचारशील तर पावत्यांना दुसरा मार्गच नाही. ते नसेल जमत तर तुझं मशीन ए-फाइव्ह आडवा घेतं का बघ, म्हणजे लांब बाजू आधी आत जाते आणि रुंदी २१० भरते, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, सगळी मशीन घेत नाहीत. तेही नसेल तर साइज खरी सिलेक्ट कर, हळू चालू दे, पंधरा-वीस झाल्या की दोन-तीन मिनिटं थांब. पाकिटं, लग्नाची छोटी कार्डं, सगळ्यांना हेच लागू.

दुसरी सेटिंग बघ पेपर टाइपची. ही तर दर महिन्याला एक केस असते माझ्याकडे. कोणीतरी जाड कार्डपेपरसाठी 'हेवी' किंवा 'लेबल' सिलेक्ट करतं, त्यात फ्यूजर जास्त तापतो किंवा मशीन हळू चालून कागदाला जास्त वेळ भाजतं, आणि काम झाल्यावर सेटिंग तशीच राहते. मग त्यावर पावतीचा पातळ साठ जीएसएमचा कागद गेला की तो वळणार नाही तर काय, कधी कधी फिल्मला गुंडाळूनच बसतो. सेटिंग दोन ठिकाणी असते हे लोकांना माहीत नसतं, एक कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरमध्ये आणि एक मशीनच्या मेनूत ट्रेच्या खाली. दोन्ही बघ. पातळ कागदाला 'लाइट' असेल तर तेच लाव.

वळण्याबद्दल अजून एक, प्रत्येक वळलेला कागद फ्यूजरचा दोष नसतो, आपल्याकडे तर मुळीच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गोव्यात हवेतला ओलावा नव्वदीच्या घरात, उघडं ठेवलेलं रीम दोन दिवसात पाणी पितं. तो कागद फ्यूजरमध्ये गेला की एका बाजूने आधी सुकतो आणि त्या बाजूला वळतो, आणि वरून पांढरी वाफ निघते, ती बघून लोक धूर म्हणून फोन करतात. वाफेला वास नसतो, आणि काच धरली तर दव जमतं, तेवढ्यावरून ओळख. रीम एकदा उघडलं की प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात ठेव, संध्याकाळी ट्रेमधला कागदही काढून त्यातच. पूर्वी आमच्याकडे कागदाच्या कपाटात चाळीस वॅटचा बल्ब रात्रभर लावून ठेवायचे, कागद पापड कुरकुरीत राहावेत तसा कोरडा राहायचा, आता तो जुना बल्ब सहज मिळत नाही आणि एलईडी लावून काही उपयोग नाही, ती फारशी तापत नाही. आणि ट्रेमधला गठ्ठा उलटा करून बघ, पुष्कळदा अर्धं वळण तिथेच जातं.

जळकट वास मात्र वाफेचा नाही, तो कडेच्या रबराचा किंवा ग्रीसचा. फिल्म आणि हीटर पट्टीच्या मधे एक पांढरं खास ग्रीस असतं, उच्च तापमानाचं, ते कंपॅटिबल फ्यूजरमध्ये कधी कधी नावाला असतं आणि रिपेअरमध्ये तर मी स्कूटरच्या बेअरिंगचं ग्रीस भरलेलंही बघितलंय, ते शिजतं, धूर करतं आणि कागदाला तेलकट डाग लावतं. तुझ्या नवीन फ्यूजरमध्ये डोकावून बघ, कडेला फिल्म तपकिरी झालीय का, प्रेशर रोलरचं रबर टोकाला फुगलंय किंवा सोललंय का. झालं असेल तर पावत्यांनी त्याचा बळी घेतलेला आहे, मग सेटिंग बदलून वास कमी होईल पण डाग जाणार नाहीत, फिल्म आणि रोलर बदलावाच लागेल.

पंखा. मशीनच्या बाजूला किंवा मागे हात धरून बघ, छापताना हवा बाहेर येते का. दुकान लहान म्हणून प्रिंटर भिंतीला चिकटवून ठेवलेला असतो, त्याच्यावर रजिस्टर, रजिस्टरवर स्टेपलर, आणि गरम हवा जाते कुठे तर परत आतच. मागे वीतभर जागा सोड. आणि आपल्या भागातली खास गोष्ट म्हणजे कुंभारीण. ती माशी जिथे भोक दिसेल तिथे मातीचं घर बांधते. साखळीजवळच्या एका शाळेच्या ऑफिसातलं मशीन मी दोनदा नेऊन दोनदा परत दिलं होतं, माझ्याकडे व्यवस्थित चालायचं कारण उघडून टेस्ट करायचो, तिकडे गेलं की तापायचं. तिसऱ्यांदा पंख्याची जाळी काढली तर आत मडकं. एकदा पालही निघाली, पंख्याच्या पात्यात अडकून वाळलेली, तिचं वर्णन नको. मुंग्या तर विचारूच नकोस.

आता समज, टेस्टमध्ये सगळं पानच चकचकीत आलं, ए-फोरवरही तेच होतंय. मग मी मशीन उघडायच्या आधी कार्ट्रिज बदलून बघतो. रिफिल केलंय का? कुठली पावडर? प्रत्येक मशीनच्या फ्यूजरचं तापमान त्याच्या टोनरशी जुळवलेलं असतं. दुसऱ्या मॉडेलची, लवकर वितळणारी पावडर भरली की फ्यूजर नेहमीच्याच तापमानाला असतो पण पावडर त्याला सहन होत नाही, सावल्या येतात, फिल्मवर काळा थर बसतो, आणि बोलणी फ्यूजर खातो. ओळखीच्या कोणाकडून त्याच मॉडेलचं ओरिजिनल कार्ट्रिज दहा मिनिटं मागून आण आणि वीस पानं छाप. सावली गेली तर पावडरवाला बदल. एरर मात्र पावडरमुळे येत नाही, हे ध्यानात ठेव, तुझ्याकडे एरर आहे म्हणून हे मी नंतर ठेवलं.

थर्मिस्टरचा भाग. हे करायचं तर मशीन बंद, प्लग भिंतीतून काढलेला, आणि निदान अर्धा तास थांब, नुसतं बटण बंद नको. पॉवर कार्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये २३० व्होल्टचे साधारण सव्वातीनशे डीसी व्होल्ट साठलेले असतात, मला एकदा बसलाय, कोपरापर्यंत हात दुखत होता. पॉवर कार्डची सवय नसेल तर तिकडे बोट घालू नकोस, फ्यूजर बाहेर काढून टेबलावर मोज. थर्मिस्टरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लाव, थंड असताना पुष्कळ मशीनमध्ये शेकडो किलोओहम दाखवतो, आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो म्हणून आकड्यापेक्षा चाल बघ. हेअर ड्रायरची गरम हवा दे, रेझिस्टन्स सरळ खाली यायला पाहिजे, गुळगुळीत, मधे उड्या न मारता. उडी मारली की वायर किंवा कनेक्टर. दोन थर्मिस्टर असले तर दोन्ही मोज.

उलट्या खोपडीचा म्हटलं त्याचा अर्थ इथे लागतो. मोरजीच्या बाजूला समुद्राजवळच्या एका हॉटेलात मशीन तापायचं, बघतो तर थर्मिस्टरच्या कनेक्टरवर खाऱ्या हवेने हिरवा थर. त्या थराने रेझिस्टन्स वाढला, मशीनला वाटलं अजून थंडच आहे, ते उष्णता देतच राहिलं. पिना साफ करून नवीन कनेक्टर, काम फत्ते. याच्या उलट पावसात कनेक्टरमध्ये ओल गेली तर दोन पिनांमधून करंट झिरपतो, रेझिस्टन्स कमी दिसतो, मशीनला वाटतं गरम आहे, आणि सकाळी सकाळी थंड मशीनवर हॉट एरर. दुपारी ऊन पडलं की आपोआप बरं. अशा मशीनचा फ्यूजर बदलला तर टेक्निशियनचा हात लागल्याने कनेक्टर सुकतो, आठवडाभर चालतं, आणि सगळे म्हणतात फ्यूजरच खराब होता!

थर्मिस्टर उचलला जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे स्टिकर. लेबलचा एक तुकडा सुटून आत चिकटला, किंवा जाम झालेला कागद कोणीतरी पकडीने ओढला, की थर्मिस्टरची पत्ती वाकते, तो नुसती हवा मोजत बसतो आणि खाली हीटर लालभडक. रोलरवाल्या मशीनमध्ये त्याच्यावर जुन्या पावडरचा खडक जमतो, तोही पांघरुणासारखंच काम करतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नकोस, फिल्मला एक ओरखडा म्हणजे प्रत्येक पानावर एक रेघ.

ट्रायॅकवर मी जास्त बोलत नाही, ते दुकानात बसून करायचं काम नव्हे, ए.सी. लाइनची बाजू आहे. फक्त चालू केल्यावर कागद न घालता काही सेकंदात वास आला तर प्लग काढ आणि परत लावू नकोस, सरळ घेऊन ये.

करंटबद्दल दोन गोष्टी. दुकानात इन्व्हर्टर असेल आणि प्रिंटर त्यावर लावला असशील तर आजच काढ. साध्या इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते, आणि हीटरचा कंट्रोल लाइनची लाट शून्यावर कधी येते ते बघून चालतो. चौकोनी लाटेत त्याचा हिशोब चुकतो, कधी कमी तापतो कधी जास्त, कधी सरळ एरर. शिवाय हीटर सुरू झाला की काही शे वॅट एकदम ओढतो, छोट्या इन्व्हर्टरला ते झेपत नाही. करंट गेला तर गिऱ्हाइकाला चहा पाज, दुसरं काय.

दुसरी ही तुला लागू नाही पण सांगतो कारण आपल्या गोव्यात ही होतेच. बोटीवर किंवा बाहेरगावी असलेला घरचा माणूस अमेरिकेतला प्रिंटर घेऊन येतो. फ्यूजर ११० आणि २२० व्होल्टचे वेगळे असतात, दिसायला अगदी सारखे, अक्षरशः एका आकड्याचा फरक, उदाहरणार्थ एचपी लेझरजेट ४२५० चा ११० चा नंबर आरएम१-१०८२ आणि २२० चा आरएम१-१०८३. दुप्पट व्होल्ट म्हणजे चौपट पॉवर. मडगावच्या एका गृहस्थाने असा प्रिंटर सरळ भिंतीत लावला, आणि मला विचारतो, 'हांवें कितें केलें रे, स्वीच तर घातलो फकत.' स्विचच घातला होता, खरंय. कंपॅटिबल फ्यूजर मागवतानाही हे बघ, तुझ्या नवीन फ्यूजरवरचं लेबल एकदा वाच, २२०-२४० लिहिलेलं पाहिजे.

एररचे आकडे विचारलेस ना, थोडक्यात देतो. एचपीच्या बऱ्याच लेझरजेटमध्ये ५०.१ म्हणजे फ्यूजर कमी तापला, ५०.२ वॉर्म-अपला वेळ लागला, ५०.३ जास्त तापला, ५०.४ आला तर पॉवरची बाजू आणि इन्व्हर्टर बघायचा. रिकोला एससी ५४१ म्हणजे थर्मिस्टर तुटलेला, ५४२ म्हणजे तापत नाही, ५४३ आणि ५४४ म्हणजे जास्त तापला, आणि हे एरर बंद-चालू करून जात नाहीत, सर्व्हिस मोडमधून रीसेट करावे लागतात, मुद्दाम, कारण माणसाने आधी उघडून बघावं म्हणून. क्योसेरात सी ६०२० म्हणजे अति तापमान. ब्रदरला फ्यूजरचा एरर आला तर मशीन चालूच ठेवून पंधराएक मिनिटं वाट बघायची असते, लोक घाबरून दहा वेळा बंद-चालू करतात आणि ते कधी शांतच होत नाही.

कोविडमध्ये घेतलेली कपाळावरची तापमान बंदूक घेऊन मोजतो म्हणणारे दोघे-तिघे भेटलेत मला. ती माणसाच्या तापापुरती असते, चाळीस-बेचाळीसच्या वर नुसतं 'हाय' दाखवते. इंडस्ट्रीवाली असेल तर बाहेर पडणाऱ्या कागदावर धर, फ्यूजरच्या चकचकीत धातूवर धरलीस तर आकडा खोटा येणार. आणि झाकण उघडं ठेवून मोजायला म्हणून दाराचा स्विच टेपने दाबून ठेवायचं डोकं लावू नकोस.

तर आज रात्री ती ए-फोरची टेस्ट कर आणि दोन्ही पानांचे फोटो काढून ठेव. पावत्या उद्याच द्यायच्या असतील तर टेस्टची वाट नको बघू, दोन-दोन लावून ए-फोरवर काढ आणि मोकळा हो. आणि तो जुना काढलेला फ्यूजर टेक्निशियनने नेला नसेल तर भंगारात देऊ नकोस. शुक्रवारी बाजाराला म्हापशाला येशील तेव्हा पिशवीत घालून आण, त्याची फिल्म कडेला भाजलेली असेल कदाचित पण हीटर आणि दोन्ही थर्मिस्टर मोजून बघू, मला वाटतंय त्याला काहीच झालेलं नाही, नवीन फिल्म आणि योग्य ग्रीस टाकलं की तो या कंपॅटिबलपेक्षा जास्त दिवस चालेल.